रद्दीतली लक्ष्मी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने नायगाऱ्याच्या धबधब्याविषयी बोलावे, असा आपल्याकडे एक अलिखित नियमच आहे. तो धबधबा मीही पाहिला, यथेच्छ भिजले आणि निळा रेनकोट घालून फोटोही काढून घेतला. पण गेल्या वर्षीच्या त्या तीन महिन्यांच्या मुक्कामातले आज माझ्या मनात राहिले आहे ते एक लहानसे गाव. त्याचे नाव कूपरस्टाउन. वस्ती पुरती दोन हजारांचीही नाही. पण दर वर्षी लाखो माणसे तिथे वारीला यावीत तशी येतात. कशासाठी, तर एका खेळासाठी. आणि त्या खेळाच्या वेडाहूनही वरताण असे एक वेड मी तिथे पाहिले. ते म्हणजे पुठ्ठ्याच्या जुन्या चित्रांचे!

या वेडाची पहिली ओळख घरातच झाली. माझा नातू अकरा वर्षांचा. त्याच्या पलंगाखाली बुटांची रिकामी खोकी, आणि खोक्यांत बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डे. न्यू जर्सीला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी खोली आवरताना मी एक खोके उचलले आणि विचारले, "अरे, हे पत्ते कुठे ठेवू?"

स्वारी जिन्यावरून धावतच आली. "आजी, पत्ते नाहीत ते! आणि कोपऱ्याला हात लावू नकोस!"

मग त्याने मला कार्ड धरायला शिकवले. दोन बोटांनी, फक्त कडेने. चित्रावर बोट उमटता कामा नये. आमच्या सासूबाईंचे सोवळे मी पाहिले आहे, पण तेही यापुढे सैल म्हणायचे. दारात उभे राहून चिरंजीव हसत होते. पण ते काही बोलले मात्र नाहीत.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे मोटारीने निघालो. सूनबाईला रजा नव्हती. तिने धपाटे आणि दही बांधून दिले. न्यू जर्सीहून उत्तरेला चारएक तासांचा रस्ता. मधे कॅट्स्किलचे डोंगर लागतात. मेपलची झाडे तेव्हा लाल-पिवळी झाली होती. आपल्याकडे फाल्गुनात पळस फुलतो ना, तशी. फरक एवढाच, की आपला पळस फुलांनी पेटतो आणि ही झाडे पाने गाळण्यापूर्वी पेटतात.

कूपरस्टाउन ऑट्सेगो नावाच्या लांबट सरोवराच्या टोकाशी वसले आहे. त्याच सरोवरातून सस्क्वेहाना नदी निघते. कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर यांच्या वडिलांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे गाव वसवले. गावचा मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत दहा मिनिटांत संपतो. दोन्ही बाजूंना विटांच्या जुन्या इमारती, आणि खाली दुकानेच दुकाने. पंढरपुरात बुक्का आणि तुळशीच्या माळा मिळाव्यात, तशा इथे टोप्या, लाकडी बॅटी, चेंडू आणि कार्डे.

तीर्थक्षेत्र म्हटले की त्याला आख्यायिका हवीच. १९०७ साली एका समितीने निर्णय दिला, की १८३९ साली अब्नर डबलडे नावाच्या गृहस्थाने याच गावात बेसबॉलचा शोध लावला. इतिहासकार आता हे मानत नाहीत. १८३९ साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते. पण त्या कथेचा आधार घेऊन १९३९ साली, बरोबर शंभराव्या वर्षी, गावात बेसबॉलचे संग्रहालय उघडले, आणि गाव जगाच्या नकाशावर आले. मला यात काही वावगे वाटले नाही. आपल्याकडे दर दहा कोसांवर पांडवांनी एका रात्रीत खोदलेली लेणी असतातच की!

संग्रहालयात एक लांब दालन आहे. त्याच्या भिंतींवर नामवंत खेळाडूंच्या ब्राँझच्या पाट्या ओळीने लावल्या आहेत. १९३६ साली पहिले पाच मानकरी निवडले गेले, त्यांत एक होनस वॅगनर. जर्मन आईबापांचा मुलगा, लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला, पुढे पिट्सबर्गच्या संघातून खेळून मोठा झालेला. नातू त्या पाटीपुढे असा उभा राहिला, की मला वाटले आता हा हात जोडतो.

"आजी, याचंच कार्ड जगात सगळ्यात प्रसिद्ध आहे!"

ती हकीकत चिरंजीवांनी मला बाहेरच्या बाकावर धपाटे खाता खाता सांगितली. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकेतली एक बडी तंबाखू कंपनी सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची रंगीत चित्रे घालीत असे. पाकीट मऊ कागदाचे. आत पुठ्ठा असला म्हणजे सिगारेटी मोडत नाहीत, आणि गिऱ्हाईकही तोच छाप पुन्हा मागते. चित्र केवढे, तर दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडे उंच. तंबाखूच्या दुकानाबाहेर पोरे उभी राहात आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे चित्र मागत. या मालिकेत पाचशेंहून अधिक चित्रे आहेत. त्यात वॅगनरचेही छापले. पण थोडी पाकिटे बाहेर पडतात न पडतात, तोच ते बंद झाले. कोणी म्हणतात, आपल्या चित्रासाठी मुलांनी सिगारेटी घ्याव्यात हे त्याला पटले नाही. कोणी म्हणतात, कंपनीने पुरेसे पैसे दिले नाहीत. तो स्वतः तंबाखू चघळीत असे, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही. आज अशी सुमारे साठच कार्डे शिल्लक असल्याचे सांगतात. २०२२ साली त्यातल्या एकाला ७२ लाख ५० हजार डॉलर आले.

"म्हणजे रुपये किती?" मी विचारले.

"तेव्हाच्या दराने सत्तावन्न-अठ्ठावन्न कोटी."

माझ्या हातातला धपाटा हातातच राहिला. तेवढ्यात आमची गिरगावातली अख्खी चाळ आली असती, वर अंगणातल्या विहिरीसकट!

दुपारी नातू आम्हाला एका कार्डांच्या दुकानात घेऊन गेला. दुकान चिंचोळे, काचेच्या पेट्या, भिंतीवर चित्रे आणि काउंटरपाशी तीन उंच स्टुले. त्यांपैकी दोन स्टुलांवर दोन म्हातारे ठाण मांडून बसले होते. एकाच्या डोक्यावर बोस्टनची लाल टोपी, दुसऱ्याच्या डोक्यावर न्यूयॉर्कची गडद निळी. बोस्टन आणि न्यूयॉर्क या दोन संघांचे वैर शतकभराचे आहे. हे दोघे त्या वैरावरच जगत असावेत. काउंटरमागचा दुकानदारही सत्तरीचा. गिऱ्हाईक आले याचे तिघांनाही फारसे अप्रूप दिसले नाही. श्रोते आले याचे मात्र दिसले.

निळ्या टोपीने खिशातून एक कार्ड काढून नातवापुढे धरले. "१९५२ सालचा मिकी मँटल. क्रमांक ३११. मात्र मधोमध घडी, चारी कोपरे गोल, पाठीवर कॉफीचा डाग. दहांपैकी एक गुण."

"तुझ्यापेक्षा बरा आहे," लाल टोपी म्हणाली. "तुझीही कंबर मधोमध दुमडली आहे, आणि तुला एकही गुण कोणी देणार नाही."

"माझे कोपरे तरी मूळचे आहेत. तुझे दात कुठल्या सालचे?"

गुणांचा हा काय प्रकार ते दुकानदाराने मला समजावले. कार्डाची प्रकृती तपासून १ ते १० गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. कोपरे टोकदार हवेत, कडा न झिजलेल्या हव्यात, चित्र मधोमध छापलेले हवे. गुण दिले की कार्ड पारदर्शक डबीत कायमचे बंद. नऊ आणि दहा यांत एका गुणाचा फरक, पण किमतीत घराचा आणि गोठ्याचा. त्यामुळे लबाडीही आलीच. वॅगनरचे सगळ्यांत गाजलेले कार्ड १९९१ साली लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरना गेले. पुढे २०१३ साली, ज्याच्या हातून ते पूर्वी विकले गेले होते त्या लिलावदाराने न्यायालयात कबूल केले, की कडा नीट दिसाव्यात म्हणून आपण ते कापले होते.

"केस कापून माणूस तरुण होत नाही," लाल टोपी निळीकडे बघत म्हणाली. "या मुद्द्यावर आमच्यातल्या काहींचे कोर्टाशी मतभेद आहेत."

मग गोष्टींवर गोष्टी निघाल्या. १९३३ साली एका च्युइंगमच्या कंपनीने २४० क्रमांकांची मालिका काढली. पोरे गम चघळून चघळून जबडे दुखवून घेत, पण १०६ क्रमांक कोणालाच मिळेना. मिळणार कसा? तो छापलाच नव्हता! पोरांच्या तक्रारी गेल्या, तेव्हा १९३४ साली कंपनीने नॅप लाजवे या जुन्या खेळाडूचे कार्ड छापून तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवले. ते पत्राला टाचलेले होते. म्हणून त्यातल्या काही कार्डांवर आजही क्लिपेचा वळ दिसतो.

"त्या मुलांना काय ठाऊक, की भांडणाऱ्यालाच लक्ष्मी मिळते," दुकानदार म्हणाला. म्हणजे त्याने पैसा म्हटले. लक्ष्मी मी म्हणते.

"आणि मँटलची गोष्ट?" नातवाने विचारले. ती त्याला पाठ होती. पण म्हाताऱ्यांच्या तोंडून हवी होती.

१९५२ सालची ही मालिका ब्रुकलिनमध्ये एका तरुण नोकरदाराने, साय बर्जर त्याचे नाव, एका सहकाऱ्याबरोबर आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखली. मालिकेचा शेवटचा भाग उशिरा बाजारात आला. तोवर हंगाम सरत आला होता आणि पोरांचे लक्ष फुटबॉलकडे गेले होते. माल पडून राहिला. वर्षानुवर्षे गोदाम अडले. शेवटी १९६० साली बर्जर यांनी तो कचऱ्याच्या पडावावर लादला आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून काही मैल आत नेऊन समुद्रात बुडवला. त्यात मँटलही गेले. त्याच मँटलच्या एका स्वच्छ कार्डाला २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलर आले.

"तुम्ही कुठे राहता?" लाल टोपीने चिरंजीवांना विचारले.

"न्यू जर्सी."

"मग या मुलाला पोहायला शिकवा!"

दुकान हसले. मीही हसले. आणि तेवढ्यात विषय निघाला तो आयांचा.

निळी टोपी म्हणाली, "माझ्याकडे मँटल तीन होते. मी लष्करात गेलो, आणि आईने खोली साफ केली."

लाल टोपी म्हणाली, "माझ्या आईने चर्चच्या जुन्या बाजाराला देऊन टाकली. पुण्यही तिलाच मिळाले."

दुकानदार म्हणाला, "माझे खोके कचऱ्याच्या गाडीत चढताना मी खिडकीतून पाहिले आहे. मी सात वर्षांचा होतो. आज साठ वर्षे झाली, मी तेच खोके पुन्हा भरतो आहे."

मग माझ्याकडे वळून तो सहज, थट्टेने म्हणाला, "आणि मॅडम, तुम्ही काय फेकलेत?"

चिरंजीव एकदम काचेच्या पेटीत वाकून काहीतरी पाहू लागले. त्यांच्या त्या वाकलेल्या पाठीवरून मला कळले, की हा विसरलेला नाही.

१९८१ ची दिवाळी. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्या. साफसफाई काढली होती. माळा खाली आला होता. चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. त्यांच्याकडे एक लांबट दोनशेपानी वही होती आणि तीत काडेपेट्यांचे छाप. घोडा, जहाज, चित्ता, आणि शिवकाशीहून येणारी कितीतरी चित्रे. रस्त्यातली, विडीच्या दुकानापुढची, शेजाऱ्यांच्या चुलीजवळची रिकामी पेटी आणायची, बशीत भिजवून छाप अलगद सोडवायचा, वर्तमानपत्रात दाबून वाळवायचा आणि खळीने चिकटवायचा. चाळीतल्या पोरांत त्यांचा बाजार चाले. एका चित्त्याला तीन जहाजे. मला त्या वहीत दिसत होती ती झुरळे. खळीला झुरळे येतात. रद्दीवाला दारात उभा होता. मी वही ढिगावर ठेवली. सगळ्या रद्दीचे मिळून नऊ रुपये आले, आणि त्यांतूनच आकाशकंदिलाचा पतंगी कागद आणला. तो कंदील चिरंजीवांनीच बांधला. संध्याकाळी वही शोधली, मला विचारले, मी सांगितले. तो रडला नाही. दोन दिवस बोलला नाही, एवढेच. मग दिवाळी झाली, फराळ झाला, आणि मी मनाशी म्हटले, विसरला पोरगा. पुढे महिनाभर चण्यादाण्याला रोज दहा पैसे मागायचा, तेवढे मी न कुरकुरता दिले.

हे सगळे मी त्या तिघांना माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सांगितले. काडेपेटीचे छाप म्हणजे काय हे समजावायला नातवाने मदत केली. सांगून झाल्यावर दुकानात कोणी बोलले नाही. मला वाटले, आता इथे खटला उभा राहतो.

लाल टोपीने टोपी काढली. "मॅडम, एक हिशेब सांगतो. सगळ्या आयांनी सगळी खोकी जपली असती, तर आज प्रत्येक माळ्यावर मँटल असता, आणि हा दुकानदार भाजी विकत असता. ही कार्डे दुर्मीळ केली कोणी? तुम्ही! समोरच्या संग्रहालयात एक पाटी कमी आहे. आईची!"

"तिच्यावर खाली लिहा," निळी टोपी म्हणाली, "एका सकाळीत तीन मँटल बाद."

पुन्हा हशा झाला. चिरंजीवही हसले. पण त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

निघताना दुकानदाराने सांगितले, "न्यूयॉर्कला जाल तेव्हा मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जा. जेफरसन बर्डिक यांची कार्डे बघा. आमच्या या साऱ्या खटाटोपाचा मूळपुरुष. इथून जवळच, सिराक्यूजचा." मग त्याने नातवाला एक पंचवीस सेंटवाले कार्ड भेट दिले. त्याला किंमत नव्हती, कारण कोपरे गेले होते आणि आरपार एक सुरकुती होती. नातवाने ते दुकानाबाहेर येताच मला दिले. "आजी, हे तू ठेव. याला हात लावला तरी चालतो."

पुढच्याच आठवड्यात आम्ही न्यूयॉर्कला गेलो. बर्डिक हे गृहस्थ १९०० साली जन्मले. सिराक्यूजमध्ये विजेच्या सामानाच्या कारखान्यात नोकरी, लग्न नाही, आणि सांधेदुखीने हातांची बोटे वाकडी झालेली. या माणसाने अमेरिकेतली कार्डे, जाहिरातीची चित्रे, पोस्टकार्डे जमवली, आणि १९३९ साली त्यांची पहिली यादी छापली. कुठले कार्ड कुठल्या मालिकेतले, हे आज जगभर त्यांनीच दिलेल्या अक्षरांनी आणि आकड्यांनी ओळखतात. १९४७ पासून त्यांनी आपला संग्रह संग्रहालयाला द्यायला सुरुवात केली. एकूण नग तीन लाखांवर. त्यात बेसबॉलची कार्डे तीस हजारांहून अधिक, आणि वॅगनरही. वाकड्या बोटांनी त्यांनी ती वर्षानुवर्षे संग्रहालयात बसून वह्यांत स्वतः चिकटवली. शेवटचे पान १० जानेवारी १९६३ रोजी पुरे झाले. तेव्हा त्यांनी निरोप घेतला, आता आपण परत येणार नाही असे सांगून. १३ मार्चला ते वारले.

त्यातली थोडी थोडी कार्डे संग्रहालयात आळीपाळीने मांडतात. आम्ही काचेपुढे उभे होतो. मी म्हटले, "चिकटवली म्हणजे यांचे गुण गेले असतील, नाही?"

"हो, बाजारात गेले," चिरंजीव म्हणाले. "पण त्यांना विकायची कुठे होती?" मग थोडे थांबून, काचेकडेच बघत ते म्हणाले, "आई, तुला एक सांगू? त्या वेळी मी रद्दीवाल्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, वह्या चणेवाल्याला दिल्या, पुड्या बांधायला. म्हणून मी रोज चणे घ्यायचो. वाटायचं, एखादी पुडी तरी माझ्या पानाची निघेल."

"निघाली?"

"नाही. महिनाभर चणे मात्र खाल्ले."

मी काय बोलणार? चव्वेचाळीस वर्षांनी 'चुकले' म्हणायलाही लाज वाटते. तरी मी म्हटले. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाला, "चल, नातू तुझा भुकेला झालाय."

भगिनींनो, यंदाही घरोघर माळे खाली येतील. पोरांचे खोके हाती लागेल, तेव्हा एकदा हाक मारून विचारा. कोटींची आशा धरून नव्हे; तसले कार्ड तुमच्या-आमच्या माळ्यावर नसते. पण दाराशी रद्दीवाल्याला दोन मिनिटे थांबवायला काही खर्च येत नाही.

परवा वाण्याकडून सामान आले, त्यात काडेपेटी होती. वर छान चित्र होते. सवयीने बशीत पाणी घेतले, तर आता छाप वेगळा निघतच नाही. चित्र पुठ्ठ्यावरच छापलेले असते. शेवटी कात्रीने कापले. हात थरथरतो, त्यामुळे एक कड तिरकी गेली आणि एक कोपरा दुमडला. कूपरस्टाउनच्या त्या दुकानात याला दहांपैकी दोनसुद्धा गुण मिळणार नाहीत. ते लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या पंचवीस सेंटांच्या कार्डाशेजारी चौरंगावर ठेवीन, आणि पाडव्याला पाकिटात घालून न्यू जर्सीला धाडीन. पाकिटावर नाव नातवाचे नाही, त्याच्या बापाचे घालणार आहे.